कंसातला शब्द

रोहे की रोहा, हा प्रश्न आमच्या भागात सहसा कुणाला पडत नाही. रेल्वे स्थानकाच्या फलकावर रोहा, नगरपरिषदेच्या नावात रोहा-अष्टमी, जुन्या लेखनात रोहे. बोलताना मात्र माणूस रोह्याला जातो आणि रोह्याहून येतो. प्रत्यय लागला की दोन्ही रूपे एक होतात आणि वाद तिथेच मिटतो. तो पुन्हा उभा राहतो कोशात. कारण नोंदीला एकच शीर्षक लागते, आणि तेही प्रथमेत.

पेणचे दुखणे निराळे, आणि ते मराठीचे नव्हेच. रोमन लिपीत पेण लिहिले की त्याची लेखणी होते. म्हणून इंग्रजी ज्ञानकोशात गावाच्या नावाला आणखी काही जोडावे लागते. मराठीला एक ‘ण’ पुरतो. उलट माणगाव घ्या. एक माणगाव रोह्याच्या शेजारचा तालुका. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातले, जिथे १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले. इथे कंसाशिवाय गत्यंतर नाही. ज्या भाषेत घोटाळा होतो, त्या भाषेतच कंस हवा, इतकी ही साधी गोष्ट आहे. ती किती सहज विसरली जाते, हे मला गावांमुळे नव्हे, खेळांमुळे कळले.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी मराठी विकिपीडियावर एका व्हिडिओ गेमवर नोंद लिहायला बसला होता. खेळ पुण्यात तयार झालेला, ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला: ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची कथा. नोंद बरी उतरली होती. अडले होते ते शीर्षकापाशी. त्याने लिहिले होते, ‘राजी: एक प्राचीन महाकाव्य’.

मी ते खोडायला सांगितले. अनुवादित कादंबरीला अनुवादित नाव असते, कारण त्या नावाचे एक पुस्तक खरोखर कपाटात उभे असते. ‘एक प्राचीन महाकाव्य’ या नावाचा खेळ कुणी काढलेला नाही. कोशकाराने असे भाषांतर करून ठेवले तर तो अस्तित्वात नसलेली कृती निर्माण करतो, आणि पुढे कुणीतरी त्याच कोशाचा हवाला देऊन ती खरी मानतो. नाव आपले नसते. ते जसे आले तसे आपल्या लिपीत उतरवावे, एवढाच आपला अधिकार.

मग केवळ ‘राजी’ लिहावे काय? तर २०१८ साली मेघना गुलजार यांचा त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला आहे. रोमन लिपीत एकाच्या नावात ‘झेड’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘जे’ असल्यामुळे या दोघांची गाठ पडत नाही. मराठी लेखनात नुक्ता नाही. इथे दोघेही ‘राजी’. शिवाय कबूल या अर्थाचा नेहमीचा शब्द आहेच. इंग्रजी नोंदीत नसलेला गोंधळ मराठीत आहे, आणि आमचा विद्यार्थी इंग्रजी नोंद समोर ठेवून लिहीत असल्यामुळे त्याला तो दिसलाच नव्हता.

म्हणजे कंस आला. आता कंसात काय? एका स्नेही प्राध्यापकांनी ‘दृक्‌खेळ’ सुचवला. अशा शब्दांना मी सरसकट हसणाऱ्यांपैकी नाही. ‘चित्रपट’ हाही कधीकाळी घडवलेलाच शब्द होता. आज तो कंसात घातला तर कुणी अडखळत नाही. पण तो आधी लोकांच्या तोंडी रुळला आणि मग कंसात बसण्यास लायक झाला. कंस ही शब्द रुजवण्याची जागा नव्हे. गोंधळलेला वाचक तिथे क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याला समजावून घ्यावा लागणारा शब्द पुढे केला तर त्याचा एक गोंधळ जाऊन दुसरा येतो. ‘दृक्‌खेळ’ नोंदीच्या मजकुरात खुशाल वापरावा, चर्चेत आणावा. पेण-रोह्याची मुले ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात, त्याला कंसात व्हिडिओ गेमच म्हणावे.

खेळाच्या नावांचा निवाडा आपल्याकडे याआधीही झालेला आहे. आपण हुतूतू म्हणत होतो, बंगालात हाडुडु म्हणत, दक्षिणेत चेडुगुडु. सामने अखिल भारतीय झाले, नियम एक झाले, आणि ‘कबड्डी’ हे नाव सर्वांवर बसले. १९९०च्या आशियाई खेळांत तो याच नावाने गेला. रायगडातल्या मैदानांवर आज कबड्डीच ऐकू येते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तशा छापील कोशात शीर्षक ठरवते ते नोंद कोणत्या खंडात, कोणत्या पानावर जाणार हे. हुतूतू आणि कबड्डी यांच्यात तिथे कित्येक खंडांचे अंतर पडते. ऑनलाइन कोशात हे अंतर उरत नाही. एका नावावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन केले की झाले. रोहे शोधणारा रोह्याला पोचतो.

खरी मौज पुढे आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या नावाचा खेळ १९८९ साली निघाला, आणि नेमक्या त्याच नावाने दुसरा २००८ साली. इंग्रजी विकिपीडियाचा संकेत असा की कंसात आधी वर्ष आणि मग ‘व्हिडिओ गेम’. त्याची नक्कल करून आपण ‘(२००८ व्हिडिओ गेम)’ लिहिले, तर ती देवनागरीत लिहिलेली इंग्रजी रचना होते. मराठीत वर्ष नामाला असे नुसते चिकटत नाही. त्याला ‘चा’ किंवा ‘ची’ लागते. आणि ‘चा’ की ‘ची’ हे ठरवायला गेमचे लिंग ठाऊक हवे. माझ्या वर्गातली मुले ‘ती गेम’ म्हणतात, मी ‘तो’ म्हणतो. एका कंसासाठी व्याकरणाचा खटला उभा करावा काय? त्यापेक्षा ‘(व्हिडिओ गेम, २००८)’ लिहावे. स्वल्पविराम आला की प्रत्ययाची गरज संपते. वर्ष पुढे आणि जाती मागे हा इंग्रजीच्या वाक्यरचनेचा परिणाम आहे, ज्ञानकोशाचा नियम नव्हे. पण तक्ता समोर असला की परिणामही नियमासारखा उतरवला जातो. आपल्या वाङ्मयसमीक्षेतही अशा उतरवलेल्या रचना थोड्या नाहीत. असो.

विद्यार्थ्याने अखेर ‘राजी (व्हिडीओ गेम)’ असे शीर्षक दिले, दुसरी वेलांटी घालून. मी स्वतः पहिली घालतो. त्याला म्हटले, दुसऱ्या लेखनावरून पुनर्निर्देशन कर. त्याने ते केले, आणि मग सहज विचारले की नोंदीच्या पहिल्या वाक्यात ‘हा खेळ’ लिहू की ‘ही गेम’.

‘हा खेळ’ लिही, म्हणालो.