हाताची वाट पाहणारं भात

गेल्या सुगीत आमच्या खानापूरकडच्या शेतातलं भात पिकून आठ दिवस तसंच उभं होतं. थोरले दीर आजारी, मुलं पुण्याला नि बेंगळूरला, कापायला माणूस मिळेना. जिवाला घोर, दाणा झडून मातीत जाणार! शेवटी कापणी झाली तेव्हा थोडं सांडलं होतं खरं, पण लोंब्या भरलेल्याच होत्या.

"शहाणं पीक, धरून ठेवलंय बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, ज्वारीच्या मुलखातलं. शेतातलं भत्त आणि ताटातलं अन्न, दोन्हीला आपण 'भात'च म्हणतो याचं त्यांना अजून हसू येतं.

हे शहाणपण मात्र भाताचं मूळचं नव्हे. रानातलं भात, संस्कृतातलं नीवार, दाणा पिकेल तसा खाली टाकतं. स्वतःची पेरणी स्वतःच करायची तर तेच बरोबर! दाणा आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक नाजूक थर असतो. दाणा पिकला की तो सुटतो. या नीवारावरूनच एका रानभाताचं शास्त्रीय नाव 'ओरायझा निवारा' पडलं. त्याचा लागवडीच्या भाताशी संकर करून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली 'एसएच-४' हे जनुक शोधलं. आपल्या भातात त्यातलं एक अक्षर बदललंय, एवढंच! त्याच वर्षी जपानमध्येही दाणा धरून ठेवणारा असाच एका अक्षराचा फरक दुसऱ्या ठिकाणी सापडला.

गंमत अशी की, त्या बदलानं तो थर अर्धवट राहतो, अगदी नाहीसा होत नाही. म्हणून दाणा विळा लागेपर्यंत टिकतो आणि झोडपला की सुटतो. पुरता चिकटून बसला असता तर मळणी करताना कंबरडं मोडलं असतं!

हे कुणी ठरवून केलं नाही. हजारो वर्षांपूर्वी जे सांडलं ते मातीत गेलं, लोंबीवर राहिलं ते घरी आलं आणि तेच पुढं पेरलं गेलं. निवडणारे हात बायकांचे असावेत असं मला आपलं वाटतं, पुरावा मागू नका.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे आपण गेलोच नाही, तर ते तसंच उभं राहणार? पाप!" त्यांच्या कानडीतलं 'पाप'.

यंदा शेत खंडानं द्यायचं का, हे घरात अजून ठरलेलं नाही. दीर नको म्हणतात.