नावावर टिचकी
मुलांनो, संगणकावर एखादा फॉर्म उघडा आणि एक गंमत करा. ‘पूर्ण नाव’ असं लिहिलंय ना, त्या अक्षरांवरच टिचकी मारा. शेजारच्या चौकटीत उभी रेघ लुकलुकायला लागली? शाब्बास! फॉर्म बनवणाऱ्यानं मन लावून काम केलंय. काहीच झालं नाही? मग आळस केलाय!

युक्ती सोपी आहे. चौकटीला ‘आयडी’ म्हणजे एक खूण द्यायची. हजेरीच्या नंबरासारखी, त्या पानावर ती दुसऱ्या कुणाला नको. शेजारच्या नावाचं ‘लेबल’ करायचं आणि त्याच्या ‘फॉर’मध्ये तीच खूण लिहायची. झालं! १९९७ सालच्या एचटीएमएल ४ पासून ही सोय आहे.

‘मला मान्य आहे’ची चौकट टिकलीएवढी. आजोबांचा हात थरथरतो, टिचकी भलतीकडेच पडते. लेबल असेल तर अख्खं वाक्यच टिचकीची जागा होतं. ज्यांना दिसत नाही, त्यांना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही लेबलवरूनच सांगतो, की ही चौकट नावाची, ती जन्मतारखेची.

काहीजण जावास्क्रिप्टची ‘फोकस’ ही आज्ञा वापरतात. रेघ चौकटीत जाते खरी, पण चौकटीला नाव काही मिळत नाही. शोधाच्या भिंगाच्या चित्रावर टिचकी मारायची असेल, तिथे ती जरूर वापरा.