आभाळाला प्रश्न किती दिवसांचा?

मृग नक्षत्र लागले, की आमच्या फ्रीगंजात टॉवर चौकापासून गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत एकच विचारणा कानावर येते, "पाऊस कधी?" कुणी हिंदीत विचारतो, कुणी मराठीत. तुमच्या बेळगाव-खानापुराकडे मृगाच्या आगेमागे पाऊस पोचतो. माळव्यात त्याला यायला बहुधा जूनचा तिसरा आठवडा उजाडतो. त्यामुळे इथे वाट पाहणेही लांबते आणि अंदाजांची चर्चाही.

पण वाचकहो, नीट ऐकले तर हा एक प्रश्न नसतो. गच्चीवर वर्षाच्या गव्हाला ऊन दाखवणाऱ्या गृहिणीला फक्त संध्याकाळपर्यंतचे आभाळ हवे असते. ज्यांच्या घरी परवा लग्न आहे आणि मांडव उघड्यावर आहे, त्यांना तीन दिवसांचे. ज्यांची शेती तराणा-महिदपूरकडे आहे, त्यांना पंधरा-वीस दिवसांचे. शब्द तेच, पण प्रश्न तीन. मग तिघांना एकच उत्तर कसे पुरणार?

हा फरक आमच्या उज्जैनीला नवा नाही. सहाव्या शतकात याच परिसरात वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या 'बृहत्संहिते'त पावसावर अनेक अध्याय आहेत, आणि गंमत म्हणजे दूरच्या पावसाचा विचार एकीकडे, लगेच येणाऱ्या पावसाचा दुसरीकडे, अशी सरळ विभागणी त्यांनी केली आहे. मार्गशीर्षापासून ढगांचा 'गर्भ' राहतो आणि १९५ दिवसांनी तो पाऊस होऊन प्रसवतो, हा झाला लांबचा हिशेब. 'सद्योवर्षण' या अध्यायात मात्र आजच्या आज पडणाऱ्या पावसाची लक्षणे आहेत. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, मिठाला पाणी सुटले, मांजर नखांनी जमीन उकरू लागले, की पाऊस जवळ आला. हातभर रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजण्याची रीतही त्यांनी सांगितली आहे. १९५ दिवसांचे गणित आज कुणी विज्ञान म्हणून मांडणार नाही. पण मुंग्यांना सहा महिन्यांनंतरचे विचारू नये आणि मार्गशीर्षातल्या ढगाला आज दुपारचे विचारू नये, एवढे शहाणपण त्यात नक्की आहे.

आजचे हवामान खातेही हेच करते. पुढच्या काही तासांचा तात्कालिक अंदाज असतो. तो रडार आणि उपग्रह यांच्या डोळ्यांनी पाहून देतात. तीन दिवसांपर्यंतचा तो अल्प पल्ल्याचा. चार ते दहा दिवसांचा मध्यम पल्ल्याचा. त्यापुढे महिनाभरापर्यंतचा तो विस्तारित पल्ल्याचा. हा दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांसाठी निघतो. आणि संपूर्ण हंगामाचा, जो एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो, तो दीर्घ पल्ल्याचा.

आता कुणी विचारील, संगणक इतके मोठे झाले, तर पुढच्या महिन्यातल्या १७ तारखेला पाऊस आहे की नाही, एवढे का सांगता येऊ नये? याचे उत्तर १९६१ साली अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना जवळजवळ योगायोगाने सापडले. संगणकावरचे एक गणित मधूनच पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच लिहिला. थोड्या वेळाने दोन्ही गणितांतले हवामान एकमेकांना ओळखेनासे झाले. आभाळाची आजची स्थिती आपण कितीही नेमकी मोजली, तरी केसभर चूक राहतेच, आणि ती दिवसागणिक वाढत जाते. दोन आठवड्यांच्या पुढे त्या-त्या दिवसाचा तपशील हाती लागत नाही, तो यामुळे.

मग चार आठवड्यांचा अंदाज म्हणजे थाप की काय? नाही. तो तारखेचे सांगतच नाही. तो सांगतो, की त्या आठवड्याचा एकूण पाऊस सरासरीहून जास्त असण्याचा संभव आहे की कमी. त्याचा आधारही वेगळा आहे. समुद्र ढगांसारखा तासातासाला बदलत नाही. शिवाय विषुववृत्तालगत हिंदी महासागरावरून पूर्वेकडे, इंडोनेशियाच्या बेटांवरून प्रशांत महासागराकडे ढगांचा एक मोठा पट्टा सरकत जातो. साधारण ३० ते ६० दिवसांत त्याची फेरी होते. मॅडन आणि ज्युलियन या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तो दाखवून दिला. हा पट्टा कुठे आहे, यावर आपल्याकडे मान्सून जोरात राहील की दडी मारील, याचा काही अंशी अदमास येतो. पहिल्या दोन आठवड्यांसाठी तो बऱ्यापैकी उपयोगी पडतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंधूक होत जातो.

हे सगळे घरात कसे उतरते, ते पाहण्यासारखे असते. आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब राहते फ्रीगंजात, शेती तराण्याकडे. पीक अर्थातच सोयाबीन. चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. पण तीन इंच होऊन वापसा आला, की हात स्वस्थ बसत नाहीत. काका म्हणाले, "परवा पुन्हा पाऊस सांगितलाय. उद्याच पेरून टाकू." पुतणी म्हणाली, "काका, परवाचं खरं असेल. पण पुढचे दोन आठवडे सरासरीहून कमी सांगताहेत. उगवलेलं जगवायचं कशावर?" काका अल्प पल्ल्याचे वाचत होते, पुतणी विस्तारित पल्ल्याचे, आणि दोघेही बरोबर होते. शेवटी अर्धे रान पेरले, अर्धे थांबवले. परवाची सर आली आणि नंतर मोठी उघडीप पडली. पेरलेल्यातला बराच भाग मोडून दुबार पेरणी करावी लागली. पण बियाण्याचा निम्मा पैसा शिल्लक होता, म्हणून ती करता तरी आली. पुढच्या वर्षी पुतणीच्या सल्ल्याने पुन्हा अर्धे थांबवले, तर उघडीप आलीच नाही आणि त्या अर्ध्या रानाची पेरणी आठवडाभर मागे पडली. काकांनी तिला बोल लावला नाही. अंदाज म्हणजे संभव. तेव्हा जोखीमही वाटून घ्यावी, हे दोघांना पटले होते.

हंगामाचा अंदाज आणि आठवड्याची गरज यांची गल्लत केली, की काय होते ते २००२ साली सबंध देशाने पाहिले. हंगामासाठी सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. ऐन पेरणीच्या जुलैत देशभरात जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. तो अंदाज चुकला हे तर खरेच. पण बरोबर आला असता, तरी जुलैत पाऊस किती दिवस तोंड फिरवील, हे त्यातून कळलेच नसते. चार महिन्यांची बेरीज पिकाला कळत नाही, त्याला आठवडे कळतात.

जसे काळाचे, तसेच ठिकाणाचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. तुमच्याच जिल्ह्यात कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचे कोरडे आभाळ एका वाक्यात कसे मावणार? म्हणून अंदाजातले शब्द नीट वाचावेत. 'एक-दोन ठिकाणी' म्हणजे नोंद होणाऱ्या ठिकाणांपैकी फार तर पाव भागात. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊण भागापर्यंत. आपल्या अंगणात पडला नाही, म्हणून खाते खोटे बोलले, असे होत नाही.

मात्र जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, तिथे महिन्याचा अंदाज बाजूला ठेवून तासांकडेच पाहावे लागते. उज्जैनकरांना हे ५ मे २०१६ ला कळले. सिंहस्थ भरात होता. क्षिप्राकाठी मांडव आणि तंबूंचे गावच वसले होते. वादळी वाऱ्यासह पाऊस आला, मांडव कोसळले, आणि किमान सात जणांचा जीव गेला. उन्हाळ्यातला असा वळीव चार आठवडे आधी सांगता येणार नाही. 'या दिवसांत गडगडाट संभवतो' एवढे दोन-तीन दिवस आधी सांगता येते, आणि ढग उभा राहू लागला, की तास-दोन तासांची सूचना मिळू शकते. ते दोन तास मांडवात बसलेल्या माणसापर्यंत पोचले पाहिजेत. २०२८ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे, पुन्हा उन्हाळ्यातच. भोपाळजवळ सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा येथे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे मध्य भारतातल्या पावसाचा आणि ढगांचा अभ्यास करणारे केंद्र २०२४ मध्ये सुरू झाले आहे. त्याच संस्थेने घडवलेली आणि सहा किलोमीटरच्या बारकाईने पाहणारी नवी अंदाज प्रणाली मे २०२५ पासून देशात वापरात आहे. यंत्रे सुधारली, आता निरोप वेळेवर पोचवण्याची व्यवस्था तेवढीच सुधारायला हवी. तंबूचा खांब किती खोल रोवला, निसटायची वाट मोकळी ठेवली का, हे तर आधीच पाहता येते.

तेव्हा यंदा अंदाज वाचताना आधी आपला प्रश्न किती दिवसांचा आहे, ते ठरवा. गहू वाळवायचे असतील, शेतात किंवा मोकळ्यावर जायचे असेल, तर त्या-त्या वेळची तासांची सूचना पाहा. विजांसाठी याच संस्थेचे 'दामिनी' मोबाईलवर घेता येते. लग्नाचा मांडव असेल, तर तीन दिवसांचा अंदाज रोज नव्याने वाचा, कारण कालचा आज शिळा झालेला असतो. पेरणी असेल, तर गुरुवारचा आठवड्यांचा अंदाज हाती घ्या, आणि तरीही चार इंचांचा नियम मोडू नका. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, हे घरातल्या आजींकडून जरूर ऐका. त्यात वर्षाची गोडी आहे. बियाण्याची पिशवी फोडताना मात्र पुतणीलाही विचारा.