मराठवाड्याचा कर्करोग आणि संशोधनाचे अनुदान

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कर्करोग-नोंदणीच्या अहवालातील एक आकडा मराठवाड्यातील प्रत्येक सुशिक्षित माणसाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा अहवाल २०१२ ते २०१६ या वर्षांचा. देशातील ज्या ज्या क्षेत्रांत अशी नोंदणी चालते, त्यांत पुरुषांतील कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात आढळले : दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४. आणि सर्वांत कमी कोठे? तर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि बीड या आपल्या दोन जिल्ह्यांत. तेथे तो आकडा ३९.५ इतकाच आहे. स्त्रियांतील नीचांकही याच दोन जिल्ह्यांच्या नावावर आहे, ४९.४. सिंचन असो, रेल्वे असो, दरडोई उत्पन्न असो, अनुशेषाच्या कोणत्याही यादीत तळाशी बसण्याची सवय झालेल्या या प्रदेशाला तळाची जागा भूषणावह ठरावी अशी ही एकच यादी सापडली, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह कोणासही होईल. आम्हांस तो होत नाही.

रोग होत नाही आणि रोग सापडत नाही या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. नोंदवहीत येण्यासाठी रोग्याने आधी कोणाकडे तरी जावे लागते, त्या कोणीतरी गाठीचा तुकडा तपासणीस पाठवावा लागतो, आणि तपासणाऱ्याने रोगाला नाव द्यावे लागते. या तीन पायऱ्यांपैकी एकही चुकली, तर त्या माणसाच्या मृत्यूपुढे गावच्या दप्तरात 'वार्धक्य' किंवा 'दीर्घ आजार' एवढेच लिहिले जाते. आता याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहणारा पुरावा पाहा. २०१२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील कर्करोगाच्या मृत्यूंची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णालयांचे कागद न तपासता, घरोघर जाऊन मृत माणसाच्या आप्तांकडून शेवटच्या आजाराची हकीगत लिहून घेतली गेली होती आणि तिच्यावरून वैद्यांनी मृत्यूचे कारण ठरविले होते. त्या हिशेबाने २०१० साली देशात ५ लाख ५६ हजारांवर माणसे कर्करोगाने मेली. आणि मृत्यूचे प्रमाण खेड्यात व शहरात जवळजवळ सारखे निघाले. पुरुषांत दर लाखामागे खेड्यात ९५.६, शहरात १०२.४, स्त्रियांत खेड्यात ९६.६, शहरात ९१.२. ही मोजमापे निराळी आहेत, तेव्हा एकातून दुसरे वजा करून उत्तर काढण्याचा शाळकरी उतावळेपणा कोणी करू नये. परंतु नोंदवहीत खेडे निरोगी आणि स्मशानात खेडे व शहर बरोबरीचे, हे चित्र स्वस्थ बसू देणारे नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि आयुष्याची काही वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाला तो विशेष बोचतो. निरक्षर पुरुषांत कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण दर लाखास १०६.६, तर सर्वाधिक शिकलेल्यांत ४५.७, स्त्रियांत १०६.७ आणि ४३.४. म्हणजे शिकलेल्याच्या दुप्पटीहून अधिक निरक्षर मरतो. कर्करोग हा श्रीमंतांचा, सुखवस्तूंचा रोग आहे असा जो समज आपल्या वर्गात अजून रेंगाळतो, त्याला या चार आकड्यांनंतर कोणता आधार उरतो, हे आम्हांस समजत नाही.

हे सारे आम्ही उमरीकडे पाहून लिहीत आहो. नांदेड–निजामाबाद लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद पिकविणारा मुलूख. पलीकडे तेलंगणाची सीमा. या भागातील बाईला अंगावरून जाऊ लागले, तर पहिले काही महिने ती कोणाला सांगत नाही. मग गावातले औषध, मग तालुक्याचा डॉक्टर, मग नांदेड, आणि तेथून कोणी हैदराबाद सांगतो, कोणी छत्रपती संभाजीनगर, कोणी मुंबई. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर अंथरुणे टाकून पडलेल्या माणसांत मराठवाड्याची बोली ऐकू येते, हे तेथून जाणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते त्यांच्यातले भाग्यवान. उपचाराची ही ओढाताण आता पुष्कळांच्या ध्यानात आली आहे, आणि तिच्याविषयी लिहिलेही जाते. आमचा आजचा विषय त्याच्या आधीचा आहे. हा रोग येथल्या माणसांना कोणत्या रूपाने होतो, का होतो, कोणाला होतो आणि कोणाला टळतो, हे शोधून काढण्यासाठी कोणी पैसा ठेवला आहे काय?

हा प्रश्न परदेशातून उसना आणलेला नाही. महाराष्ट्राने तो जगात फार लवकर विचारला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराची गाठ कंबरेवर जेथे वर्षानुवर्षे घासते तेथे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन शास्त्रीय जगापुढे मांडले. एकाच मुंबईत, एकच पाणी पिणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोगाची जागा निराळी का, पारशी स्त्रियांत स्तनाचा तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक का, याचा विचार ते आणि त्यांच्या परंपरेतील संशोधक करीत होते. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालक खानोलकरच. त्याच केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. या बाईंनी सूक्ष्मदर्शकावरची दृष्टी पुढे अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाकडेही वळविली, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पद्मभूषण किताबापेक्षाही मोठी वाटते. नव्याने स्वतंत्र झालेल्या, धान्य आयात करणाऱ्या देशाने त्या काळी असल्या संशोधनाला पैसा दिला. आधी सर्वांना औषध मिळू द्या, मूलभूत संशोधन मग पाहू, असे त्या वेळी म्हणता आले असते. म्हटले गेले नाही.

आणि मराठवाड्याच्या उंबरठ्यावर झालेले काम तर डोळ्यांपुढचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीखेरीज मराठवाड्यातील भूम आणि परांडा या तालुक्यांची गावे आली. रुग्णालयात बसून रोग्याची वाट पाहावी तर रोगी येणार नाही, हे ओळखून नोंदणीची माणसे गावोगाव गेली, चावडीवर बैठका घेतल्या, लक्षणे समजावून सांगितली. परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत उघडकीस येण्याचे प्रमाण काही वर्षांतच वाढले. नोंदवही घेऊन गेलेल्या माणसानेच निम्मा वैद्य व्हावे, असे हे उदाहरण आहे.

पुढे याच भूमीवर मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांची गावांच्या ५२ गटांत विभागणी केली. काहींची विषाणूसाठी तपासणी झाली, काहींची पेशींची, काहींची अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या विभागातील स्त्रियांना केवळ नेहमीची सेवा मिळाली. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या ३४ हजारांवर स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या ३१ हजारांवर स्त्रियांत ६४. जगभरच्या आरोग्यधोरणांत उस्मानाबादचे नाव या आकड्यांमुळे गेले. त्याच विषाणूविरुद्धच्या लसीची एकच मात्रा पुरेल काय, या प्रश्नाच्या उत्तरातही बार्शीचा वाटा आहे. २००९ साली सुरू झालेल्या त्या भारतीय अभ्यासाचे ते एक केंद्र होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला तो अशाच पुराव्यावर.

ज्या ६४ स्त्रिया मेल्या त्यांच्या विभागाला तपासणीपासून दूर ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे परदेशात आणि येथेही मोठा वाद झाला. त्या काळी सरकारची तपासणी योजनाच नव्हती, तेव्हा कोणाचे काही काढून घेतले नाही, असा एक पक्ष. ज्ञात उपाय हाती असता तो रोखणे गैर, असा दुसरा. आम्ही दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. पण त्याहून मोठा अन्याय प्रयोग संपल्यानंतर झाला, असे आमचे मत आहे. निष्कर्ष २००९ साली हाती आले, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया शेकडा १.९ निघाल्या. ज्ञान आमच्या बायकांच्या शरीरातून निघाले, जगात फिरले आणि परत यायचे राहिले.

शिवाय पैसा कोणाचा होता? त्या प्रयोगाला आधार अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. दात्याचे ऋण मान्य करू. परंतु परक्याच्या दातृत्वावर चाललेले संशोधन त्याच्या प्रश्नपत्रिकेप्रमाणे चालते आणि त्याच्या मर्जीने थांबते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली कर्करोगातील विषमता कमी करण्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले, पुढे या विषमतेच्या जीवशास्त्रीय मुळांचा शोध घेण्यासाठी वेगळी अनुदाने जाहीर केली. आणि २०२५ साली त्याच देशाच्या नव्या सरकारने आरोग्यातील विषमतेशी संबंधित अनेक संशोधन-अनुदाने रद्द करून टाकली. एवढ्या श्रीमंत राष्ट्रात जे एका आदेशाने घडते, त्याच्या भरवशावर उमरी-भोकरच्या बाईने राहावे काय?

मूलभूत संशोधन म्हणजे काचेच्या नळ्यांतील चैन, असे कोणी म्हणेल. म्हणून येथलेच प्रश्न मांडतो. या विषाणूचा संसर्ग बहुसंख्य स्त्रियांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांत तो टिकतो आणि वर्षांनंतर कर्करोग होतो. रक्तक्षय आणि अर्धपोटी राहणे ज्या बायकांच्या पाचवीला पुजले आहे, त्यांच्यात तो अधिक टिकतो काय? भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावणारी बाई आणि बंदी असतानाही गुटखा खाणारा तिचा मुलगा यांच्या तोंडातील कर्करोग पेशींच्या पातळीवर एकच आहे की दोन? गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगातील जनुकांचा भारतीय अभ्यास, कल्याणीच्या संस्थेने खारघरच्या संशोधन केंद्राच्या साह्याने, २०१३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या रोग्यांत बिघडलेली काही जनुके नव्यानेच उजेडात आली. जगातील जनुकीय माहितीचा फार मोठा भाग युरोपीय वंशाच्या माणसांचा आहे. औषधे तिच्यावरून बनतात. आमच्या माणसांना ती लागू पडतील की नाही, हे आमच्या माणसांना तपासल्यावाचून कळणार कसे?

अज्ञानाची किंमत कोण वसूल करते, हेही बीडने दाखविले आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. 'पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल' ही भीती त्यांतील कित्येकींना दाखविली गेली होती. एकीकडे खरा रोग सापडत नाही, दुसरीकडे नसलेल्या रोगावर शस्त्र चालते. आणि नोंदणीच्या दृष्टीने पाहता, जेथे इतक्या बायकांना गर्भाशयच उरलेले नाही आणि हजारो कुटुंबे वर्षातील सहा महिने उसाच्या फडात परजिल्ह्यात असतात, तेथील ४९.४ या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? हाच एक प्रश्न चांगल्या संशोधकाला पाच वर्षे पुरेल.

पैसा नाही, ही सबब आता पटण्याजोगी नाही. आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढेच संशोधनावर खर्चितो, हा २०२०–२१ चा हिशेब लाजिरवाणा खराच. तथापि २०२३ च्या कायद्याने निघालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची योजना आहे. त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावयाचे आहेत, ते किती येतात ते पाहू. अधिक जवळची गोष्ट राज्याची. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने १८ रुग्णालयांतून त्रिस्तरीय कर्करोग-उपचाराचे धोरण मान्य केले आणि त्यासाठी १०० कोटींच्या प्रारंभिक निधीचे 'महाकेअर' प्रतिष्ठान मंजूर केले. त्याच्या संपूर्ण नावात 'संशोधन' हा शब्द आहे. तो शोभेसाठी नसेल, तर निधीतील किमान दहा कोटी रुपये केवळ कर्करोगातील विषमतेच्या मूलभूत संशोधनासाठी राखून ठेवावेत. आवेदन करणारा प्रमुख संशोधक नांदेड, लातूर, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे काम करणारा असावा; मुंबई-पुण्याच्या संस्थांनी त्यांच्याशी भागीदारी खुशाल करावी, पण धनादेश इकडच्या नावाने निघावा. मुदत पाच वर्षांची हवी, कारण मार्चअखेर पैसा परत करण्याच्या धास्तीत यंत्रे विकत घेता येतात, संशोधन करता येत नाही. आणि संशोधन-छात्रांची विद्यावृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळावी. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांसाठी बार्शीच्या पद्धतीची, पायी फिरणारी नोंदणी याच निधीतून चालावी. उमरी तालुक्यापासून आरंभ करण्यास काही हरकत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र निधीआधीच करता येईल. तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवून ठेवतात. नीट ठेवला तर तो कित्येक वर्षे टिकतो आणि त्यातून पुढे जनुकांचीही तपासणी करता येते. रोग्याची अनुमती घेऊन मराठवाड्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी हे ठोकळे, गाव, वय, काम आणि शिक्षण यांच्या नोंदीसह जपून ठेवावेत, असा एका पानाचा आदेश वैद्यकीय शिक्षण खात्याला उद्या काढता येईल. त्यासाठी कपाटे, एक वही आणि ती लिहिणारा जबाबदार माणूस एवढेच लागते. अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही.