पाच रुपयांचे पाकीट आणि ताटातली भाजी

सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात तापा-खोकल्याच्या तक्रारींबरोबर एक वाक्य रोज हमखास ऐकू येते : ‘काहीच खात नाही हो डॉक्टर, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या.’ आईच्या कडेवर अडीच-तीन वर्षांचे मूल असते आणि बऱ्याचदा त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. डॉक्टरने जरा खोदून विचारले, की दिवसाचा हिशेब बाहेर येतो. सकाळी चहात बुडवून चार बिस्किटे, अकरा वाजता वेफर्सचे पाच रुपयांचे पाकीट, दुपारी वरणभाताचे दोन घास, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट आणि रात्री झोपताना बाटलीभर दूध. म्हणजे मूल काहीच खात नाही असे नसते. त्याचे पोट जेवणाआधीच भरलेले असते.

हे चित्र घराघरातले असले, तरी त्याला गेल्या दोन वर्षांतल्या काही सरकारी निर्णयांची पार्श्वभूमी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. बिस्किटे आणि चॉकलेट यांवरचा १८ टक्के कर ५ टक्क्यांवर आला. फरसाण आणि झटपट नूडल्स १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. पाच रुपयांचे पाकीट पाच रुपयांनाच राहिले, पण काही कंपन्यांनी त्यातले वजन वाढवले. भाजी, अंडी, सुटे धान्य यांवर कर नव्हताच, त्यामुळे त्यांना या सवलतीचा लाभ मिळण्याचा प्रश्न नव्हता. पनीर आणि टेट्रापॅकमधले दूध करमुक्त झाले, ही जमेची बाजू. मात्र एकूण परिणाम पाहिला, तर पाकिटातला खाऊ आणि ताटातले अन्न यांच्या किमतीतले अंतर पाकिटाच्या बाजूने झुकले.

दुसरा निर्णय राज्याचा. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, असे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये ठरवले होते. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. ज्या शाळांना अंडी, तांदळाची खीर किंवा नाचणीचे सत्त्व द्यायचे असेल, त्यांनी ते लोकसहभागातून द्यावे, असे सांगण्यात आले. ज्या गावात लोकवर्गणी सहज जमते, तिथल्या मुलांना घरीही अंडे मिळत असते. जिथे त्याची खरी गरज आहे, तिथे वर्गणी देणारे हात थोडे असतात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे आणि उंचीच्या मानाने रोडावलेल्या मुलांचे प्रमाण २५.६ टक्के आहे. देशात हे शेवटचे प्रमाण १९.३ टक्के आहे, म्हणजे प्रगत म्हणवणारे राज्य येथे देशाच्या सरासरीच्या मागे आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील रक्तक्षय राज्यात ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. आणखी एक आकडा फारसा चर्चेत येत नाही. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा विविधतेचा आहार मिळणारी मुले अवघी ११.३ टक्के होती. खाण्याच्या सवयी घडतात त्या नेमक्या याच वयात.

दुसऱ्या टोकाला साखर आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. त्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात; शिफारस ५ टक्क्यांची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना तर दोन वर्षांखालील मुलांना वरून साखर देऊच नये, असे सांगतात. पाकीटबंद गोड-खारट पदार्थ एकाच मुलाला रोडही ठेवू शकतात आणि रक्तक्षयीही, कारण त्यांत उष्मांक असतात, लोह आणि चांगली प्रथिने जवळपास नसतात.

भूक कमी होणे हा आजार नव्हे

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते. तीन किलोचे बाळ वर्षाचे होताना नऊ किलोचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोनेच वाढते आणि पुढे दरवर्षी साधारण दोन किलोने. वाढीचा वेग उतरला, की भूकही उतरते. ‘आधी छान खायचा, आता बघतही नाही’ ही तक्रार बहुधा याच वळणावर सुरू होते. त्याच सुमारास मूल चालू लागते, त्याला स्वतःचे मत येते आणि नव्या पदार्थाची भीती वाटू लागते. दोन ते सहा वर्षे या वयात ही भीती सर्वाधिक असते. हिरवे, कडवट, बुळबुळीत ते आधी नाकारले जाते. मेथी आणि भेंडी यांची गच्छंती होते ती यामुळे.

नवा पदार्थ आपलासा व्हायला मुलाला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर दिसावा आणि चाखायला मिळावा लागतो, असे या विषयावरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळी निकाल लागतो : ‘त्याला पालक आवडत नाही.’ गरीब घरात हा निकाल आणखी लवकर लागतो आणि त्याचे कारण आईचे अज्ञान नसून पैसा असतो. टाकून दिलेली भाजी परवडत नाही. मूल नक्की खाईल असेच काहीतरी विकत घेणे तिला शहाणपणाचे वाटते, आणि पाकीट मूल नक्की खाते. मजुरीला जाणाऱ्या, परतल्यावर पाणी भरणाऱ्या बाईला ते पाकीट अर्ध्या तासाची शांतताही देते. सल्ला देणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर तो सल्ला दवाखान्याच्या दारातच राहतो.

हिशेब मांडून पाहिला तर

मुलामागे रोज वीस रुपयांचा बाहेरचा खाऊ म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. भाव गावोगाव आणि हंगामागणिक वेगळे असतात. तरी अंडे सात रुपयांना, शेंगदाणे दीडशे रुपये किलो, केळी पन्नास रुपये डझन आणि गूळ साठ रुपये किलो धरला, तर तीस अंडी, किलोभर शेंगदाणे, तीन डझन केळी आणि किलोभर गूळ ५७० रुपयांत येतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेसात ग्रॅम मिळतात. उरलेले वरणभात, पोळी आणि कपभर दुधातून सहज भरून निघतात.

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नसते. घरच्याच भांड्यातले थोडे तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढले, की पुरते. मुगाच्या खिचडीत किसलेले गाजर आणि वरून चमचाभर तेल किंवा तूप घालता येते. थालीपिठाच्या भाजणीत धान्ये आणि डाळी मुळातच एकत्र असतात. त्यात चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला मळला, तर पालेभाजी वेगळी वाढावी लागत नाही. मुगाची धिरडी आणि नाचणीचे गुळातले सत्त्व हे पदार्थही स्वस्तात होतात. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. किनारपट्टीवर सुकट आणि जवळा आहेच. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे वा फुटाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. दाण्याचे कूट मात्र उसळीत, कोशिंबिरीत, पोळीच्या लाडवात कुठेही चालते.

लोहाच्या बाबतीत दोन साध्या गोष्टी मोठा फरक करतात. पोहे, उसळ किंवा पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा बरोबर पेरू, आवळा दिला, तर वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर चहा दिला, तर ते कमी होते. म्हणून लहान मुलांचा चहा बंद करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. दुधाचेही प्रमाण हवे. दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. त्याहून जास्त दुधाने पोट भरते, जेवण सुटते आणि दुधात लोह नगण्य असल्याने ‘दूध भरपूर पितो’ असे सांगितले जाणारे मूल पांढरेफटक दिसू लागते.

भरवणे आणि भांडणे

काय शिजवले याइतकेच ते कसे वाढले, हे महत्त्वाचे ठरते. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलाने ठरवावे. ही विभागणी बालआहारतज्ज्ञ अनेक वर्षांपासून सुचवत आले आहेत. आपल्याकडे ती पचायला जड जाते. हातात मोबाइल देऊन, तोंड दाबून, बुवाची भीती घालून घास भरवला जातो. त्याने एक वाटी पोटात जाते, पण त्या पदार्थाविषयीची नावड पक्की होते. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ या सौद्यातून मूल एवढेच शिकते, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

तीन जेवणे आणि मधली दोन खाणी यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि मधल्या वेळात पाण्याखेरीज काही नसावे. ताटात एक पदार्थ मुलाच्या ओळखीचा असावा आणि नवा अगदी चमचाभर. नाकारला तर न रागावता उचलावा आणि चार दिवसांनी पुन्हा वाढावा. चमचाभर भाजी वाया गेली तर नुकसान थोडे होते, त्यामुळे हा प्रयोग गरीब घरालाही झेपतो. एकत्र कुटुंबात खरी कसोटी वेगळी असते. आईने पाकीट बंद केले, तरी आजोबा येताना खिशातून काढतात. तेव्हा नियम घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावा लागतो.

टॉनिकविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भूक वाढवणारी म्हणून दिली जाणारी काही औषधे मुळात ॲलर्जीवरची असतात. त्यांनी मुलाला झोप येते आणि औषध थांबले, की भूक पूर्ववत होते. दुधात घालायच्या पावडरींचेही तसेच. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, म्हणून ही पेये त्या नावाखाली दाखवू नका, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४मध्ये ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना बजावले होते.

दुर्लक्ष कधी करू नये

प्रत्येक न खाणारे मूल केवळ चोखंदळ नसते. सलग तीन महिने वजन वाढत नसेल, मूल माती किंवा खडू खात असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, जुनाट बद्धकोष्ठता असेल किंवा मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच चालत नसेल आणि बोलणेही उशिरा येत असेल, तर तपासणी हवी. अंगणवाडीत माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा तो पाहावा. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांसाठी लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा आणि वर्षभरानंतर जंतनाशकाच्या गोळ्या सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते. अशा मुलाला घरगुती उपायांवर न ठेवता लगेच आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

शेवटी प्रश्न पुन्हा धोरणाकडे येतो. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७पासूनचा आहे. त्यानंतर डाळ, तेल आणि गॅस यांचे काय झाले हे प्रत्येक गृहिणी जाणते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी-केळी मिळतात, म्हणजे हे राज्याला जमत नाही असे नाही. तोच नियम शाळेच्या ताटाला लावून अंड्याचा निधी परत द्यावा. अंगणवाडीचा दर महागाईशी जोडावा आणि घरी नेण्याचा कोरडा आहार ठरवताना तो मुलांना चाखायला देऊन पाहावा, कारण पाकिटावर छापलेली पोषणमूल्ये मुलाने खाल्ल्यावरच कामाला येतात. दहा मुले रांगेत बसून उसळ खाऊ लागली, की अकरावेही खाते, हे कोणतीही अंगणवाडी सेविका सांगेल. घरी एकट्या आईला जे पंधरा वेळा करावे लागते, ते तिथे कमी कष्टात होते.