साप कण्हत नाही

समजा, रात्रीचे अकरा वाजले आहेत. शहरातल्या एका फ्लॅटमध्ये कॉलेजात जाणारा मुलगा आपल्या पाळीव बॉल पायथनच्या पेटीतले पाणी बदलतो आणि काचेचे सरकते दार ओढून घेतो. दार शेवटी दोन बोटे अडते, म्हणून तो जरा जोर लावतो. मग लक्षात येते की फटीत सापाची शेपटी आहे. साप ओरडत नाही. अंग आवळून घेतो, गोळा होतो आणि आपल्या आडोशाला जाऊन बसतो. काचेवर रक्ताचे दोन थेंब राहतात. आई हळदीचा डबा काढते, वडील औषधांच्या खोक्यातले मलम देतात, मुलगा पहाटेपर्यंत मोबाइलवर उपाय शोधतो. सकाळी साप नेहमीसारखाच दिसतो, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटते. चौथ्या दिवशी शेपटीचे टोक काळे पडू लागते.

या घरात कोणीही निर्दयपणे वागलेले नाही. तरीही चार दिवस वाया गेले. त्याची दोन कारणे आहेत. साप दुखणे सांगत नाही हे पहिले, आणि त्याला डॉक्टरकडे नेण्याची घरच्यांना भीती वाटते हे दुसरे. पहिल्यावर माहिती हा उपाय आहे. दुसऱ्यावर मात्र व्यवस्थेनेच उपाय करायला हवा.

सरकारी रुग्णालयात सापाचा विषय निघतो तो बहुधा सर्पदंशाच्या रुग्णामुळे. सापच जखमी आहे, ही कल्पना आपल्याकडे अजून नवी आहे. पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून जगभर गेलेला बॉल पायथन आता आपल्या शहरांतल्या घरांतही आला आहे. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांच्या सामानात असे साप सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यावरून मागणीचा अंदाज यावा. बिनविषारी, शांत आणि घाबरला की स्वतःचा चेंडू करणारा हा प्राणी नीट सांभाळला तर पाळीव अवस्थेत वीस-तीस वर्षेही जगतो. एवढ्या काळात त्याला होणाऱ्या इजांपैकी पुष्कळशा त्याच्या पेटीतच घडतात: दारात चिरडलेली शेपटी, जाळीवर नाक घासून झालेली जखम, गरम पट्टीने भाजलेले पोट, खाण्यासाठी जिवंत सोडलेल्या उंदराचा चावा. यांतली एकही इजा सापाने स्वतःहून ओढवून घेतलेली नसते. पेटी माणसाने बनवलेली असते आणि दारही माणसानेच लावलेले असते.

चिरडल्याची जखम माणसातही फसवी असते. वरची कातडी शाबूत दिसते आणि आत रक्तवाहिन्या ठेचलेल्या असतात. सापात हा धोका जास्त. त्याच्या शरीरात दोनशेहून अधिक मणके असतात आणि ते शेपटीच्या टोकापर्यंत जातात. शेपटी चिरडली की टोकाकडचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. तो भाग आधी निर्जीव लोंबतो, मग सुकतो, काळा पडतो आणि तिथून संसर्ग वर चढू लागतो. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, सापाची येत नाही. वेळेत नेले तर मेलेला भाग पशुवैद्य काढून टाकू शकतो, आणि शेपटीचे टोक गमावलेला साप चांगला जगू शकतो. इजा धडाला किंवा मलमूत्रद्वाराजवळ असेल, मागचा भाग ओढत नेला जात असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

भाजण्याची गोष्ट याहून फसवी. तापमान नियंत्रक नसलेली गरम पट्टी हळूहळू तापत जाते आणि साप तिच्यावरून वेळेत उठत नाही. पोटाखालचे खवले आधी फक्त लालसर दिसतात. भाजणे किती खोल आहे हे कळायला काही दिवस जातात.

मग घरी काय करावे? फार थोडे, पण तेवढे नेमके करावे. पेटीतला लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या काढून साधा, छपाई नसलेला कागद अंथरावा, म्हणजे जखमेला कण चिकटत नाहीत आणि रक्त किंवा स्राव लगेच दिसतो. मळलेला कागद लगोलग बदलावा. उघडी जखम निर्जंतुक सलाइनने हलकेच धुवावी. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नये, त्याने बऱ्या होऊ पाहणाऱ्या पेशीही मरतात. हळद लावू नये. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या थराखाली जखमेचा रंग दिसेनासा होतो. साप सारखा हातात घेऊ नये. तपासणी होईपर्यंत खायला देऊ नये, कारण गिळलेले भक्ष्य जाताना फासळ्या आणि कातडी ताणली जाते. जखमेचा रोज एक फोटो काढावा. पशुवैद्याला तो घरच्यांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला जंतू बाळगून असू शकतात. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल तर त्यांना या कामापासून दूर ठेवावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घरातल्या औषधांच्या खोक्याला हात लावू नये. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर बाहेरून आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथले जंगलातले पक्षी जवळजवळ संपवले. त्याला मारण्यासाठी अमेरिकी यंत्रणा मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉल घालून ते उंदीर जंगलात टाकते. प्रत्येक उंदरात मात्रा असते 80 मिलिग्रॅम. आपण तापावर सहज घेतो त्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीच्या सहाव्या हिश्शाहूनही ती कमी आहे. ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून मायेने दिलेला गोळीचा तुकडा काय करू शकतो, हे वेगळे सांगायला नको. वेदना कमी करणारी, बधिरपणा आणणारी मलमेही याच कारणासाठी टाळावीत.

माणसाच्या अनुभवावरून सापाचा उपचार ठरवता येत नाही याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. माणसाच्या गळवाला चीर दिली की पू वाहून जातो. सापाचा पू पनीरसारखा घट्ट असतो, तो वाहत नाही, शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. म्हणून ‘पिकेल आणि फुटेल’ अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. दुसरे उदाहरण औषधाचे. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक माणसाला साधारणपणे दर आठ तासांनी देतात, सापाला ते सुमारे 72 तासांनी पुरते. त्याचे शरीर औषध इतक्या सावकाश वापरते. माणसांच्या डॉक्टरने किंवा औषध दुकानदाराने अंदाजाने डोस सांगणे म्हणूनच धोक्याचे. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच हवा.

सापाच्या उपचारात औषधाइतकाच वाटा उबेचा असतो. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या इग्वानांवर प्रयोग केले. जंतुसंसर्ग झालेले इग्वाना आपण होऊन जास्त गरम जागी जाऊन बसत. ज्यांना थंड ठेवले त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. माणसाच्या अंगात ताप आतून चढतो. या प्राण्यांना तो बाहेरून, उबदार जागेतून घ्यावा लागतो. हे प्रयोग सरड्यांच्या कुळातल्या प्राण्यांवर झाले असले, तरी सापाच्या प्रतिकारशक्तीलाही ऊब लागते. जखमी बॉल पायथनच्या पेटीत एक टोक साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसरे 26 अंशांच्या आसपास हवे, म्हणजे कुठे बसायचे ते त्याला ठरवता येते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रात्रभर वीज गेली तर उत्तम औषधही अपुरे पडते. विदर्भाच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो, तिथे थंड टोक राखणेच अवघड. तापमान मोजायला तापमापकच हवा, हाताचा अंदाज चालत नाही.

बरे होणे सावकाश चालते. जखम आठवडे घेते, कधी महिने. साप दोन-तीनदा कात टाकेपर्यंत खवल्यांचे रूप पालटत राहते. ‘आज खाल्ले नाही’ म्हणून रोज घाबरण्यात अर्थ नाही. पण जखमेतून वास येणे, काळेपणा वर सरकणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, अंगात ताकद नसणे ही चिन्हे दिसली तर लगेच पशुवैद्याकडे जायला हवे.

आता दुसऱ्या कारणाकडे. नाग, धामण, अजगर असे देशी साप घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. असा साप जखमी आढळला तर वन विभागाला कळवावे. विदेशी सापांचे गणित वेगळे. 2022च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतले प्राणी या कायद्याच्या कक्षेत आले, आणि 2024च्या नियमांनी त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. बॉल पायथन या यादीत आहे. त्याचे हस्तांतर, पिल्लांचा जन्म आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. तस्करीला आळा घालायचा तर हे हवेच. पण ज्याच्याकडे कागद नाहीत तो मालक जखमी साप घेऊन दवाखान्याची पायरी चढायला कचरतो. सापडू या भीतीने तो हळद लावत बसतो, आणि शिक्षा भोगतो तो साप.

माणसांच्या वैद्यकात हा प्रश्न एकदा सुटला आहे. वाहनाच्या धडकेत जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने, पोलिसी प्रकरणे हाताळायची परवानगी नाही म्हणून, दूरच्या रुग्णालयात पाठवले. तो वाटेतच गेला. त्यावरून परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जखमी माणसावर आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर. आज कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात हेच होते. पोलिसांची नोंद होते, पण सलाइन तिच्यासाठी थांबत नाही.

हेच तत्त्व जनावरांच्या दवाखान्यात लिहून ठेवायला काय हरकत आहे? महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, शिरवळ, उदगीर इथे आहेत. तिथे ठरलेल्या दिवशी विदेशी प्राण्यांची तपासणी होईल, जखमी प्राणी आणणाऱ्यावर आधी प्रश्नांची सरबत्ती होणार नाही आणि उपचारानंतर नोंदणीचा रस्ता दाखवला जाईल, एवढे वन विभाग आणि विद्यापीठ मिळून ठरवू शकतात. यात तस्कराला माफी मिळत नाही. उलट लपून राहिलेले प्राणी उजेडात येतात.

‘मुळात साप पाळायचाच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. तो विकत घेण्याआधी प्रत्येक घरात विचारला जायला हवा, आणि वीस-तीस वर्षांची जबाबदारी, विजेचे बिल आणि जवळचा पशुवैद्य किती लांब हे पाहून बहुतेकांचे उत्तर ‘नको’ असेच यावे. पण दारात शेपटी चिरडल्यानंतर हा प्रश्न विचारून काही मिळत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्याही हाडाला डॉक्टर प्लास्टर घालतोच. इथे तर जखमी झालेल्या जिवाने काही निवडलेलेच नव्हते.

त्या फ्लॅटमधल्या मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी उचलून दवाखाना गाठायला हवा होता. आणि घरी परतल्यावर दाराच्या खाचेत एक छोटा अडसर बसवायला हवा होता, म्हणजे ते शेवटची दोन बोटे आपोआप सरकणार नाही आणि बंद करणाऱ्याला आधी वाकून पाहावे लागेल की साप कुठे आहे.