पारणं टाळणारी मुलगी



पर्युषण जवळ आलं की घराघरांत कुणाची अठाई, कुणाचं आयंबिल याच्याच गोष्टी. कौतुक व्हायलाच हवं. पण एखादी पंधरा-सोळा वर्षांची पोर पारणं पुढेपुढे ढकलते, एकासनाच्या ताटातली पोळीही लपवते, हाडं दिसत असताना स्वतःला जाड म्हणते, दिवसातून चारदा वजनकाट्यावर चढते, तेव्हा तिला तपस्वी म्हणून मिरवू नका. तो अ‍ॅनोरेक्सिया नावाचा आजार असू शकतो.

तपाला पच्चक्खाण असतं, मुदत असते, शेवटी आनंदाने पारणं असतं. देहाचा मोह सुटावा म्हणून ते करायचं. या आजारात मात्र मनात देहाशिवाय दुसरं काही उरतच नाही.

आपल्या नेरमध्ये सल्ल्यांना काही तोटा नाही. "लग्न करून द्या, आपोआप खाईल." "आईचेच लाड नडले." एकीच्या भाचीला जे लागू पडलं, ते साऱ्या गावाला सांगितलं जातं. संशोधक असं एका भाचीवर थांबत नाहीत. एखाद्या उपचाराच्या जगभर झालेल्या चाचण्या ते शोधतात, सुपात पाखडतात, कच्च्या कोणत्या नि पक्क्या कोणत्या ते पाहतात आणि मगच बोलतात. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. ब्रिटनमध्ये 1993 साली सुरू झालेली कॉक्रेन ही संस्था हेच काम करते.

अ‍ॅनोरेक्सियात कुटुंबाला सोबत घेऊन होणाऱ्या उपचारांचा त्यांचा आढावा 2018 मध्ये आला. त्यात 25 चाचण्या होत्या. निष्कर्ष असा, की नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा थोड्या काळापुरता फायदा होऊ शकतो, पण पुरावा कमकुवत आहे. कुणी म्हणेल, एवढं करून मिळालं काय? मला तर हा प्रामाणिकपणा हमखास गुण देणाऱ्या पुडीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

त्यातलीच एक जुनी गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांची चाचणी 1987 साली प्रसिद्ध झाली. आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांपेक्षा कमी जुना असेल, तर कुटुंबासह केलेला उपचार एकटीवर केलेल्या उपचारापेक्षा जास्त गुणकारी ठरला. या पद्धतीत आईबापांना दोष देत नाहीत. उलट मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी काही काळ त्यांच्याच हाती देतात आणि ती सावरली की हळूहळू तिच्याकडे परत सोपवतात. म्हणजे 'लाड नडले' म्हणणाऱ्यांनी जिला गुन्हेगार ठरवलं, तीच आई उपचारात सगळ्यात कामाची!

अर्थात बहुतेक चाचण्या परदेशातल्या. उपासाचं कौतुक करणारी आजी त्या घरांत नव्हती. आपल्याकडे आजीलाही डॉक्टरांसमोर बसवावं लागेल, आणि गरज पडली तर महाराजसाहेबांनाही विचारावं. पच्चक्खाणातच समाधी ढळल्यास सूट देणारा आगार आहे, हे त्या पोरीला त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

आणि हो, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घाबरून एकदम पोटभर खाऊ घालू नका, रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.